वरचा भाडेकरू आणि पत्र्यावाला

मंगळवार पेठेत आमचं जुनं घर. वर पत्रा, खाली लाकडी तक्तपोशी, मध्ये हातभर पोकळी. मे महिन्यात रात्री अकरा वाजले की त्या पोकळीतून कुणी गोणी ओढत नेल्यासारखा आवाज यायचा. सासूबाई म्हणाल्या, उंदीर. आमचे हे म्हणाले, एवढा उंदीर असेल तर त्याच्याकडून घरपट्टी घ्या.

आधी एका पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. वर न चढताच त्याने विषाचे साडेतीन हजार सांगितले. सोलापूरचा मे, तापलेला पत्रा आणि त्याखाली मेलेलं जनावर! त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग दत्त चौकाकडचा पत्र्यावाला आला. शिडी लावायच्या आधीच त्याने विचारलं, "ताई, रात्री बासमती शिजल्यासारखा वास येतोय का?" येत होता! मी आपली शेजारणीवर जळत होते. गच्चीच्या एकाच कोपऱ्यात विष्ठा पडलेली, तिच्यात चिकूच्या अख्ख्या बिया. जिथून जनावर आत जातं असं वाटलं त्या कठड्यावर त्याने ज्वारीचं पीठ पसरायला लावलं (सासूबाईंचा जीव तुटला). सकाळी पिठात पावलं उमटली होती, पाच-पाच बोटांची. मांजराची चारच उमटतात. म्हणजे उदमांजर.

अमेरिकेतल्या भाच्याने लगेच रॅकूनचे व्हिडिओ पाठवले. रॅकून आपल्याकडे नसतोच, पण छपराखाली पिल्लं घालायची खोड दोघांची सारखीच. तिकडे फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारी झडप बसवतात, ते मी पत्र्यावाल्याला दाखवलं. "आम्ही पण तेच करतो की," म्हणाला.

पण लगेच केलं नाही, आणि मी पैसे दिले ते खरं तर त्याबद्दल. फटीतून मोबाईल आत घालून त्याने फोटो काढला: तीन पिल्लं. आत्ता झडप लावली तर आई बाहेर, पिल्लं आत, मग ती पत्रा फाडेल, म्हणाला. वन विभागाच्या 1926 वर फोन केला तर तिथेही तेच सांगितलं, आणि वर हेही की 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिला पकडता किंवा मारता येत नाही. दीड-दोन महिने थांबलो. जुलैत पिल्लं आईमागून गच्चीवर फिरायला लागली, तेव्हा झडप बसली. चार रात्री पुन्हा पीठ पसरलं. बाहेर जाणारी पावलं दिसली, आत येणारी नाहीत. मग अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी ठोकून फट बंद केली आणि पत्र्यावर टेकलेली आंब्याची फांदी छाटली. जाळीसकट 2800 रुपये.

आता तक्रारी. सांगितलेल्या दिवशी तो एकदाही आला नाही. सिलिकॉनचे ओघळ भिंतीवर तसेच ठेवून गेला. बिल मागितलं तर हसला. तक्तपोशीवर मुताचे डाग पडलेत, ते काढणं "आपलं काम नाही". वर साचलेली घाणही आम्हालाच तोंडाला फडकं बांधून, ओली करून काढावी लागली.

पाचपैकी चार. अमावस्येला तो कामावर येत नाही, ते बघून दिवस ठरवा. आणि पीठ जुनं ठेवा.