भाग सगळे खरे, डबा मात्र जोडलेला

लायोनेल या अमेरिकन कंपनीच्या जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या जमवायच्या तर न्यू जर्सीसारखी जागा नाही. कारखानाच इथला, आधी अर्व्हिंग्टनला आणि मग हिलसाइडला. गराज सेलमध्ये, चर्चच्या हॉलमधल्या ट्रेन शोमध्ये अजून माल निघतो, आणि त्या मालावर हातचलाखी करणारेही तिथेच टेबल मांडून बसलेले असतात.

मला विकला गेला तो ६४६४-२५ नंबरचा, ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या नावाचा नारिंगी बॉक्सकार, म्हणजे मालगाडीचा बंद डबा. ६४६४ मालिका १९५३ मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या डब्यांपैकी हा एक. ‘ऑल ओरिजिनल, फिफ्टी-थ्री, बॉक्ससकट,’ विक्रेता म्हणाला. रंग झकास, अक्षरं ठसठशीत, दारं सुरळीत सरकत होती. पहिल्या वर्षीचा म्हणून त्याने जवळजवळ दुप्पट भाव लावला.

ओळखीच्या एका जुन्या संग्राहकाला तो दाखवला. त्याने रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. डबा सरळ उलटा केला. खाली दोन्ही टोकांना चाकांचे सांगाडे असतात, इकडे त्यांना ट्रक म्हणतात. डब्याचं वय तिथे कळतं, कारण लायोनेलने ते वेळोवेळी बदलले. हाताने कपलर, म्हणजे दोन डबे जोडणारा आकडा, सोडवता यावा म्हणून खालच्या चकतीला छोटी जीभ आली ती १९५५ मध्ये. १९५७ पासून धातूऐवजी प्लास्टिकचे ट्रक दिसू लागले. माझ्या डब्याच्या एका ट्रकला जीभ होती, दुसऱ्याला नव्हती. १९५३ च्या डब्याला ती असणं शक्यच नाही.

आता, ट्रक बदललेला असणं हा काही गुन्हा नव्हे. त्या काळी गावोगावी लायोनेलची अधिकृत दुरुस्ती केंद्रं होती, पोराने डबा आपटला की बाप तिथे नेऊन नवा ट्रक बसवून आणायचा. पण अशी दुरुस्ती जुनी झालेली दिसते. इथे ट्रक धरून ठेवणाऱ्या क्लिपभोवती ताजे, चकचकीत ओरखडे होते आणि दोन ट्रकांच्या चाकांची झीज वेगवेगळी होती. कोणीतरी हल्लीच दोन-तीन मोडक्या डब्यांतून एक ‘मिंट’, म्हणजे नव्यासारखा, डबा उभा केला होता.

मग दार सरकवलं. सत्तर वर्षं दाराआड झाकलेला रंग उघड्या रंगापेक्षा थोडा तरी गडद राहायला हवा. इथे सगळीकडे एकसारखा नारिंगी, म्हणजे रंगही मूळचा नव्हे. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली तर डब्यासोबतच्या खोक्याची आतली बाजू निळसर पांढरी चमकली, म्हणजे पुठ्ठा आजकालचा. ही टॉर्च काही डॉलरला मिळते, शोला जाताना खिशात ठेवा. टेबलावर ती काढली की काही विक्रेत्यांचा सूर लगेच बदलतो, हाही एक फायदा.

विक्रेत्याला गाठलं तर तो शांतपणे म्हणाला, ‘दोन्ही ट्रक लायोनेलचेच आहेत ना? मी काय खोटं विकलं?’ दोन्ही लायोनेलचेच होते, हे खरं. खोक्याचा विषय काढला तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर फक्त ‘ऑरेंज बॉक्सकार, वापरलेला’ एवढंच लिहिलेलं होतं. म्हणून महाग डबा घेताना वर्ष, ट्रक मूळचे की बदललेले, रंग आणि खोकं मूळचं की नवं, हे पावतीवर विक्रेत्याच्याच हाताने लिहून घ्या. लिहायला जो कां-कूं करेल, त्याचा डबा तिथेच टेबलावर राहू द्या.