‘अस्सल हायपालॉन, फक्त ३ वर्षं वापरलेली’ डिंगी

पंपाची नळी झडपेतून काढली तेव्हा तिच्या टोकाला दुधासारखं पांढरं काहीतरी लागलं होतं. अंगठ्याने पुसलं आणि उरलेले पैसे देऊन टाकले. ज्यांना एवढ्यावरून कळलं त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बाकीच्यांनी वाचा, कारण ‘आपल्याला होड्यांतलं कळतं’ म्हणणारेच यात सापडतात.

विषय टेंडरचा. निविदावालं टेंडर नव्हे. नांगरावर उभ्या असलेल्या शिडाच्या बोटीवरून काठाला ये-जा करायला लागते ती लहान होडी. मोठी बोट ७ मीटरची असेल तर कडक डिंगी डेकवर ठेवायला जागाच नसते. मागे ओढत न्यावी तर वेग खाते आणि लाट चढली की पाणी भरते. कयाक एकट्या माणसाला झकास. पण दोघंजण, २० लिटरचे दोन कॅन आणि वेळ पडली तर दुसरा नांगर नेऊन टाकायचा म्हटलं की कयाकचं काम संपतं. त्यात बसून नांगराची साखळी सोडून बघा एकदा. म्हणून फुगवायची डिंगी. हा निर्णय चुकला नाही, हे आधीच सांगतो. चुकली ती खरेदी.

जाहिरातीत लिहिलं होतं: लांबी २.७ मीटर, नळ्यांचा व्यास ३८ सेंमी, वजन २४ किलो, ड्युपाँटचं अस्सल हायपालॉन (ड्युपाँट ही कंपनी, हायपालॉन हे तिचं उन्हात टिकणारं रबर), ३ वर्षं जुनी. नंतर मोजलं तर लांबी २.४ मीटर, व्यास ३४ सेंमी, वजन ३१ किलो. आणि हायपालॉन नव्हतंच, पीव्हीसी होतं.

व्यास ४ सेंमीने कमी म्हणजे किरकोळ वाटतं, तसं ते नाही. ५ मीटर लांबीच्या नळीत ३८ सेंमी व्यासाला साधारण ५६५ लिटर हवा मावते, ३४ ला ४५५. तरंगण्याची ताकद २० टक्क्यांनी गेली. मोजायला दोरा पुरतो: फुगवलेल्या नळीभोवती गुंडाळा, ३८ चा घेर ११९ सेंमी भरतो, ३४ चा १०७. दोरा खिशात होता. काढला नाही, कारण ‘दुसरं गिऱ्हाईक दुपारी येतंय’. हे वाक्य सगळ्यांनी ऐकलंय. आम्हीही ऐकलं होतं.

पैसे टक्क्यांत सांगतो. ठरलेली किंमत १०० धरा. ४० इसार म्हणून आधी पाठवले, ६० ताबा घेताना दिले. डिंक, कापड, नव्या झडपा मिळून दुरुस्तीत १८ गेले. वल्ही, पंप आणि चाकं विकून ९ परत आले. म्हणजे १०९ पाण्यात, आणि पाण्यात उतरेल अशी होडी काही हाताशी नाही.

आता ‘ड्युपाँटचं अस्सल’ या शब्दांवर. ड्युपाँटने हायपालॉनचं उत्पादन २०१० मध्ये बंद केलं. आज बाजारात त्या नावाने मिळतं ते दुसऱ्यांनी बनवलेलं त्याच जातीचं रबर, सीएसएम. तेही उत्तमच असतं. पण ड्युपाँटचं, तेही ३ वर्षांपूर्वीच्या होडीत? हे माहीत होतं. वाचताना डोक्यात आलंसुद्धा, आणि ‘बोलण्याची पद्धत असेल’ म्हणून सोडून दिलं. याचा राग विकणाऱ्यावरच्या रागापेक्षा जास्त आहे.

पांढरं दूध म्हणजे नळ्यांच्या आत ओतलेलं सीलंट, गळती बुजवणारं द्रव. उन्हाने कापडावरचा थर झिजला की सबंध पृष्ठभागातून हवा झिरपते; तिथे एक भोक नसतं की ठिगळ लावून मोकळं व्हावं. मग आत सीलंट ओततात, होडी उलटीपालटी करून ते सगळीकडे फिरवतात आणि बाहेरून नळ्यांचा लवचीक रंग मारतात. दिसायला नवी. होडी फुगवूनच ठेवली तर हे काही आठवडे टिकतंही. पण लहान बोटीचं टेंडर दरवेळी गुंडाळून ठेवायचं असतं, आणि घडी पडली की आतला थर तिथेच तडकतो. इथे अकराव्या आठवड्यात तडकला.

आपली बाजूही सांगायला हवी. दाब मोजला होता. ०.२५ बार भरला, ४० मिनिटं थांबलो, काटा हलला नाही. कुणीही फसलं असतं. पण ४० मिनिटं म्हणजे काहीच नाही हो, २४ तास ठेवायला हवी. रात्री गारवा येतो तेव्हा दाब थोडा उतरतो, त्याला गळती म्हणू नका: १० अंशांनी तापमान उतरलं तर ०.२५ चा ०.२१ होतो. ०.०८ झाला तर मात्र उठा आणि घरी जा. विकणारा होडी रात्रभर ठेवू देत नसेल तर मग विचारायचंच काय?

पीव्हीसी असल्याचं कळलं तेही ठिगळामुळेच. हायपालॉनचा दोन भागांचा डिंक, पृष्ठभाग घासून, पातळ हात देऊन, सगळं नियमाने केलं. तिसऱ्या दिवशी ठिगळ पापुद्र्यासारखं उचकटलं. पीव्हीसीला तो डिंक धरत नाही, त्याचा वेगळा असतो. ही परीक्षा विकत घ्यायच्या आधी एका मिनिटात होते. न दिसणाऱ्या कोपऱ्यात एमईके द्रावकाचा बोळा घासा: पीव्हीसी लगेच चिकट होतं, हायपालॉनला फारसा फरक पडत नाही. आणि बोळ्यावर रंग उतरला तर तोही प्रश्न सुटला.

वजनाचे ७ किलो कुठून आले? थोडे सीलंट आणि रंगाचे, बाकीचे मागच्या फळीतले. मोटर अडकवायची ती प्लायवूडची फळी स्क्रूच्या भोकांतून पाणी पिऊन बसते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुजली. लटकवायचा वजनकाटा बरोबर न्याच. कडक फायबरच्या डिंगीलाही तेच: दुहेरी तळातल्या फोमने पाणी शोषलं असेल तर ते वजनावरून कळतं.

हवेचे कप्पे एकमेकांपासून वेगळे आहेत का तेही बघा. एक कप्पा हलका फुगवा, शेजारचा रिकामा ठेवा. रिकामा हळूहळू फुगायला लागला तर आतला पडदा फाटलाय, आणि समुद्रात एक भोक म्हणजे सगळीच होडी गेली.

होडीवरचा ओळखक्रमांक फळीच्या उजव्या बाजूला असतो. ऑगस्ट १९८४ नंतरच्या पद्धतीत शेवटची चार चिन्हं तारखेची: महिन्याचं अक्षर, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग बांधणीच्या वर्षाचा शेवटचा आकडा, मग मॉडेलचं वर्ष. ‘सी ० ११’ असेल तर बांधणी मार्च २०१० ची, मॉडेल २०११ चं. आमच्या होडीवर त्या जागी रबराची पट्टी होती. ‘मोटरने फळी घासू नये म्हणून,’ विकणारा म्हणाला. पटलं. पट्टी मोटरच्या जागेपासून वीतभर बाजूला होती, तरी पटलं.

तक्रारीचं काय झालं विचारू नका. विचारलंतच तर ऐका. पोलिसांनी सांगितलं, तुम्ही बघून घेतलीत, मामला दिवाणी आहे. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्यांनी सांगितलं, विकणारा व्यापारी नाही, खासगी माणूस आहे. त्याच खासगी माणसाच्या त्या दिवशी आणखी चार होड्या विक्रीला होत्या. छापून नेलेल्या जाहिराती त्यांनी हातातसुद्धा घेतल्या नाहीत. जाहिरात लावणारे म्हणाले, तक्रारीची मुदत ४८ तासांची होती. सीलंट ७७ दिवस टिकतं, मुदत ४८ तासांची! बँकेचं उत्तर, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. नोंदणीवाल्यांकडे एवढ्या लहान होडीची नोंदच नसते. शेवटी एका टेबलावरून असं आलं की हे कापड पीव्हीसी असल्याचा तज्ज्ञाचा दाखला आणा. त्या दाखल्याची फी, वरच्याच हिशेबाने, २२. म्हणजे फसवणूक सिद्ध करायला आणखी २२ घाला, आणि मग ते बघणार की मामला दिवाणी आहे का.

इसार देऊ नका. द्यायचाच असेल तर १० च्या वर नको, आणि कापडाचा प्रकार, लांबी, व्यास, वजन हे सगळं त्याच्याकडून लिहून घ्या. ‘फोनवर बोललो होतो’ ही गोष्ट कुठल्याच टेबलावर चालत नाही.

कयाक घेणाऱ्यांनीही हसू नये. बऱ्याच कयाक ज्या पॉलिथिलीनच्या असतात त्याला जवळपास काहीच चिकटत नाही, तडा गेला तर प्लास्टिकच्या कांडीने वेल्डच करावा लागतो. म्हणून पाणी निचरायच्या भोकांभोवती आणि तळाच्या कण्यावर इपॉक्सीचे डाग किंवा नवेकोरे स्टिकर दिसले तर नख घालून उचकटा. मालक ओरडला तर ओरडू दे.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा लागली. फोटोही तेच, डाव्या नळीवरचं तिरकं ठिगळ स्पष्ट दिसतंय. ते ठिगळ असलेली होडी इथे घडी होऊन पडली आहे. जाहिरातीत या वेळी लिहिलंय, २ वर्षं जुनी.