कवडीचुंबक की चिंगूस?

दोन्ही शब्दांचा ढोबळ अर्थ एकच, कंजूष; पण वजनात फरक आहे. कवडी म्हणजे जुन्या व्यवहारातलं सगळ्यात हलकं चलन. लोहचुंबकाला लोखंड चिकटावं तशी ज्याला कवडीसुद्धा चिकटते आणि सुटत नाही, तो कवडीचुंबक. तो इतरांवर सोडाच, स्वतःच्या औषधावरही खर्च करत नाही. शब्द जोडूनच लिहावा. ‘कवडी चुंबक’ असा तोडला की समास मोडतो.

चिंगूस त्या मानाने हलका, तोंडावर म्हणता येणारा. नाशिकला मिसळ खाऊन झाल्यावर बिल येताच मोबाइलमध्ये डोकं घालणाऱ्या मित्राला ‘काय चिंगूस आहेस रे!’ म्हटलं तर तो हसेल. कवडीचुंबक म्हणालात तर कदाचित पुढच्या वेळी येणारच नाही. लिहिताना मात्र जपा: ‘चिंगूस’मधला गू दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व, ‘चिंगुसाला’.

नाशिकच्याच रविवार कारंजा भागात दोन रुपयांसाठी घासाघीस करून, शेवटी चांगली भाजी घेणारा यांपैकी कोणीच नव्हे. तो काटकसरी. त्याला कवडीचुंबक म्हणणं ही सरळ चूक.