गोधडी घेऊन प्रवासाला: कंपासपेटी, गुंडाळी की झिपची पिशवी?

गोधडीचं काम बरोबर न्यायचं ठरलं की बहुतेकजणी आधी देखणी पेटी शोधायला लागतात. त्याआधी एक ठरवा: शिवायला बसणार कुठे? रेल्वेच्या बर्थवर, की लेकीकडे महिना-दोन महिने? पेटी कुठली, कात्री कुठली आणि काम कुठलं, हे सगळं त्यावरून ठरतं.

बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा आपल्याकडे घरोघरी सुईदोऱ्याचाच असतो, पण प्रवासात तो बाद. बॅगेत जागा खातो, खडखड वाजतो आणि आतली रिळं घरंगळत राहतात. त्यापेक्षा शाळेतली पत्र्याची कंपासपेटी घ्या. झाकण बिजागरीचं, त्यामुळे वेगळं होऊन हरवत नाही. झाकणाच्या आत फ्रिजवरचं एक चपटं चुंबक चिकटवलं की सुई ठेवायला हक्काची जागा होते. गाडीला धक्का बसला तरी सुई तिथेच राहते, बर्थच्या फटीत जाऊन पुढच्या प्रवाशाला टोचत नाही. फक्त पेटी विकत घेण्याआधी चुंबक लावून बघा. ॲल्युमिनियमची असेल तर ते चिकटणार नाही. पेटीत मावतं ते थोडकंच: सुया, दोन रिळं, बोटात घालायचं अंगुस्तान, छोटी कात्री, मेणाचा तुकडा. मांडीवर तेवढंच सांभाळता येतं.

कापडी गुंडाळी दिसायला सर्वांत सुरेख. जुन्या जीन्सला खणाचं अस्तर लावून घरीच शिवता येते, हवे तेवढे कप्पे करता येतात आणि उघडली की सगळं नजरेसमोर. पण उघडायला दीड-दोन फूट जागा लागते. शेजारच्या काकूंच्या मांडीवर आपली गुंडाळी पसरून चालत नाही. गुंडाळीचं खरं सुख मुक्कामी, टेबलावर किंवा दारामागच्या हुकाला. पावसाळ्यात कोकणात जाणार असाल तर सुया कापडात खोचून ठेवू नका, दमटपणाने गंज धरतो आणि गंजलेली सुई कापडावर डाग पाडते.

झिपच्या पारदर्शक पिशवीत कापडाचे तुकडे ठेवावेत, बस. हत्यारं ठेवली की सगळी तळाशी जाऊन बसतात आणि कात्रीचं टोक पिशवी फोडून बाहेर येतं.

एकच घ्यायची असेल तर मी कंपासपेटी म्हणेन. ती मुक्कामीही चालते, गुंडाळी गाडीत चालत नाही.

विमानाने जाणाऱ्यांनी कात्रीचा विचार वेगळा करावा. भारतातून निघताना कात्री सरळ चेक-इनच्या बॅगेत टाका, तपासणीच्या रांगेत वाद घालण्यात अर्थ नाही. अमेरिकेत सांध्यापासून टोकापर्यंत चार इंचांपेक्षा लहान कात्री केबिनमध्ये चालते, शिवणाच्या सुयाही चालतात. गंमत म्हणजे गळ्यात अडकवायचं ते गोल, लॉकेटसारखं दोरा-कटर मात्र तिथे केबिनमध्ये चालत नाही, कारण त्याच्या आत पातं असतं. दिसायला निरुपद्रवी म्हणून नेमकं तेच बरोबर नेलं जातं. केबिनमध्ये दोरा तोडायला नखं कापायचं नेलकटर पुरतं.

सुयांमध्ये निवड सोपी आहे. तुकडे जोडायला लांबट ‘शार्प’, थर एकत्र शिवायला आखूड ‘बिटवीन’. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दाभण घरीच ठेवा. चष्म्याशिवाय ओवता येत नसेल तर निघण्याआधी उजेडात बसून रिळाच्या दोऱ्यात आठ-दहा सुया एकामागून एक ओवून ठेवा. लागेल तेव्हा दोऱ्याचं टोक पहिल्या सुईसकट हातभर ओढायचं, बाकीच्या सुया रिळाकडे सरकवायच्या आणि मधे कापायचं. हातभरापेक्षा लांब दोरा घेतला की गुंता ठरलेला. रंगांची सात-आठ रिळं लागत नाहीत. एक राखाडी आणि एक मोतिया घ्या, तुकडे जोडताना बहुतेक कापडांवर ती खपून जातात.

आता काम. अख्खी गोधडी नेणं विसरा. जुन्या साड्यांचे थर जमिनीवर पसरून कडेकडेने धावदोरा घालत आत यायचं, हे काम एका जागी बसूनच होतं. प्रवासात दोन पर्याय उरतात. एक, कागदाच्या साच्यावर कापडाच्या कडा दुमडून टाचलेले आणि मग एकमेकांना जोडलेले षटकोन. एक इंच बाजूच्या षटकोनाला अडीच इंचांचा चौरस तुकडा पुरतो, आणि साच्यासाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम, फक्त फार जाड कागद नको, सुई अडते. एका षटकोनाभोवती सहा जोडले की होणारं फूल तळहातावर मावतं, त्यामुळे स्टेशन आलं की गुंडाळून खिशात. दुसरा, फूटभराचे तयार चौकोन, थरांसकट, जे घरी येऊन एकमेकांना जोडायचे. यात धावदोऱ्याची मजा मिळते, पण मांडीवर जागा हवी आणि थर आधी कच्च्या टाक्यांनी धरलेले हवेत. सेफ्टीपिना लावून नेऊ नका, चौकोन जड होतो आणि दोरा पिनांत अडकतो. गाडीत षटकोन, लेकीकडे चौकोन. उजेड कमी असेल तिथे काळ्या कापडावर काळा दोरा घेऊन डोळे फोडू नका.

खुणा करायला उष्णतेने पुसलं जाणारं पेन नेणार असाल तर लक्षात ठेवा, त्याची शाई साधारण साठ अंश सेल्सिअसला उडते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बॅग राहिली तर आखलेली सगळी नक्षी गायब होऊ शकते. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाचं उलटं आहे, खुणेवर इस्त्री फिरली की ती पक्की बसते. अंगाच्या साबणाची झिजून पातळ झालेली वडी दोन्हींपेक्षा बरी. गडद कापडावर स्वच्छ रेघ उमटते आणि धुतली की जाते.

लेकीच्या घरी गालिचा असेल आणि नातवंड रांगतं असेल, तर सुया मोजून काढा आणि मोजून ठेवा. खाली पडलेली सुई गालिच्यात दिसत नाही, तिथे झाकणातलं चुंबक काढून फिरवावं लागतं. अमेरिकेला इथली इस्त्री नेऊ नका. तिथल्या १२० व्होल्टवर आपली २३० व्होल्टची इस्त्री जेमतेम पाव ताकदीने तापते. षटकोनाच्या घड्या चमच्याच्या पाठीने दाबल्या तरी बसतात.