परदेशातलं लग्न आणि एक शेअर केलेली शीट: वर्षभर वापरल्यावर

आम्ही दोघं वेगवेगळ्या देशांचे नागरिक, आणि लग्न केलं तिसऱ्याच देशात, डेन्मार्कच्या एरो बेटावर. आमच्यासारख्या जोडप्यांमध्ये हे बेट आधीपासूनच प्रसिद्ध आहे. पाहुणे तीन खंडांतून येणार होते. एवढा सगळा कारभार आम्ही एका ऑनलाइन स्प्रेडशीटवर चालवला. ती कशी वाटली, असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

सुरुवात लग्नासाठी मिळणाऱ्या एका तयार अ‍ॅपने केली होती. दिसायला देखणं. उघडल्यावर पहिला प्रश्न रंगसंगतीचा, दुसरा फुलांचा, आणि मग कामांची भलीमोठी यादी, प्रत्येक कामापुढे एक शेवटची तारीख. अडचण तिथेच आहे. परदेशातल्या लग्नात निम्म्या कामांना पहिली तारीखही असते. तिच्या आधी ते काम करून उपयोग नसतो, कधीकधी ते करताच येत नाही. डॅनिश कौटुंबिक कायदा विभागाकडून लग्नाची परवानगी म्हणून जे प्रमाणपत्र मिळतं, ते चार महिनेच चालतं. उत्साहाच्या भरात वर्षभर आधी मिळवलं तर लग्नाच्या दिवशी तो नुसता कागद. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करायचा असतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत येतो, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणजे पंधरा दिवसांच्या भरवशावर बसणं हा जुगारच. अशा कामांसाठी अ‍ॅपमध्ये जागाच नव्हती. शीटमध्ये मी दोन कॉलम केले, 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत'. दोन्ही लग्नाच्या तारखेवरून मागे मोजून आपोआप भरणारे. लग्नाची तारीख एका रकान्यात बदलली की खालचं सगळं सरकतं. आमची तारीख सरकलीच, बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीच्या वेळापत्रकामुळे, आणि तेव्हा या एका गोष्टीने अख्खी शीट वसूल झाली.

पाहुण्यांच्या पासपोर्टची पट्टीही तितकीच कामाची ठरली. शेंगेनसाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि परत निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा. दोन्ही अटी सूत्रात घातल्या, बसत नसेल तो रकाना लाल. ज्यांचा लाल झाला त्यांना आपल्या पासपोर्टची मुदत आठवतही नव्हती. पासपोर्टचे नंबर मात्र शीटमध्ये ठेवू नका. लिंक कुठल्या काकांकडून कुठल्या ग्रुपवर जाईल, याचा नेम नसतो. मुदतीची तारीख आणि पासपोर्टवरचं नावाचं स्पेलिंग एवढं पुरतं.

आता जाच. पहिला तारखांचा. ०५/०६ म्हणजे कुणासाठी पाच जून, कुणासाठी सहा मे. तारखेचा साचा अख्ख्या फाइलला एकच लागतो, भरणारी माणसं मात्र आपापल्या सवयीची. शेवटी महिना अक्षरांत लिहायची सक्ती केली, तेव्हा कुठे शांतता. दुसरा जाच वेळेचा. स्प्रेडशीटला रकान्यागणिक वेगळं टाइमझोन कळत नाही. घड्याळ पुढे करायचा दिवस अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार, युरोपात शेवटचा. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोन्हीकडचं अंतर एका तासाने कमी होतं आणि ठरलेल्या व्हिडिओ कॉलवर अर्धी माणसं हजर, अर्धी गायब. कॉलच्या वेळा शीटमधून काढून कॅलेंडरमध्ये टाकल्या.

सुट्ट्यांच्या यादीचंही असंच. कामाचे दिवस मोजणारं सूत्र चांगलं आहे, पण यादी तुम्ही द्याल तीच धरतं. डेन्मार्कने 'स्टोर बेदेदाग' ही ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारची सुट्टी २०२४ पासून रद्द केली. इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांत ती अजून ऐटीत बसलेली आहे. लग्नाआधी दोघांनी नगरपालिकेत प्रत्यक्ष जाऊन मूळ कागदपत्रं दाखवावी लागतात, त्यामुळे कार्यालय कोणत्या दिवशी उघडं आहे हा आमच्यासाठी जिवाचा प्रश्न. त्यात स्वेनबोर्ग या बंदरातून बेटावर यायला फेरीबोटीला सव्वा तास लागतो.

पैशांचा कॉलम मी उगाच अवघड करतेय का, असं वाटत होतं, पण तो सोपाच निघाला. डॅनिश क्रोन युरोला बांधलेला आहे, एका युरोला साधारण साडेसात क्रोन, आणि तो फारसा हलत नाही. एकच दर टाकून मोकळं व्हायचं. फक्त कार्डाने पैसे देताना मशीन 'तुमच्या चलनात देता का' असं विचारतं, तिथे नाही म्हणा. ही सूचना मी शीटच्या अगदी वरच्या ओळीत ठळक करून ठेवली होती. शीटमधली सर्वांत जास्त वाचली गेलेली ओळ तीच असावी.

सूर्यास्ताचा कॉलम नवऱ्याची कल्पना. मला आधी ती चैन वाटली. पण त्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आधीच. फोटोग्राफरची वेळ आणि जेवणाची वेळ त्यावरूनच ठरली.

जिथे शीट कमी पडते ते म्हणजे माणसं. 'येणार / नाही / बघतो' अशा तीन पर्यायांत लोक 'बघतो'वर मुक्काम ठोकतात. रकाना पिवळा करा, नारिंगी करा, काही फरक पडत नाही. फोनच करावा लागतो. वयस्कर मंडळींना मोबाइलवर रुंद शीट वाचता येत नाही, त्यांच्यासाठी एका पानाची छापील प्रत काढली. आणि सर्वांना बदल करायची मुभा देऊ नका. भरायला फॉर्म, बघायला शीट, आणि बदलायचा हक्क दोघांनाच. लगीनघाईत कुणीतरी ओळी क्रमाने लावायला जातं आणि कुणाचं जेवण कुणाच्या नावावर पडतं. जुनी आवृत्ती परत आणता येते म्हणून निभावतं.

लग्नानंतरही शीटचा उपयोग आहे, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. विवाह प्रमाणपत्र डॅनिशसह पाच भाषांत मिळतं. ते दुसऱ्या देशात चालावं म्हणून बऱ्याचदा डॅनिश परराष्ट्र मंत्रालयाकडून अपॉस्टिल घ्यावं लागतं. १९६१च्या हेग कराराने ठरवलेला हा शिक्का सही आणि मोहर खरी असल्याचं सांगतो, आतल्या मजकुराची हमी देत नाही. त्यामुळे कुठल्या कार्यालयाला कोणती प्रत दिली आणि त्यांनी आणखी काय मागितलं, याचा एक टॅब अजून चालू आहे.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. घरच्याच गावात लग्न असेल तर एवढ्या उठाठेवीची गरज नाही, वही पुरे.

एका मैत्रिणीने परवा कोरी प्रत मागितली, तिचं फ्रान्समध्ये ठरतंय. तिला 'कधीपासून'चा कॉलम पहिल्यापासून लिहावा लागेल. तिथे दोघांपैकी एकाचं किंवा त्यांच्या आईवडिलांपैकी कुणाचं तरी त्या गावात निदान महिनाभर सलग वास्तव्य लागतं, आणि लग्नाची जाहीर नोटीस दहा दिवस लावावी लागते. प्रत पाठवताना मी फुलांचा टॅब पुसून टाकला.