दहा वर्षांनी पुन्हा ल्युसिड ड्रीमिंग: माइल्ड की वाइल्ड?

स्वप्न चालू असतानाच ‘अरे, हे तर स्वप्न!’ असं उमगणं म्हणजे ल्युसिड ड्रीमिंग. कॉलेजात मला ते महिन्यातून दोनतीनदा जमायचं. मग नोकरी, लग्न, मुलगी. दहा वर्षं नावही काढलं नाही. गेल्या पावसाळ्यात पुन्हा हात घातला तो ‘पोहणं एकदा आलं की विसरत नाही’ या भरवशावर. भरवसा फोल ठरला. युक्त्या पाठ होत्या, पण सकाळी उठल्यावर स्वप्नच आठवेना. त्यामुळे पद्धत कुठलीही निवडा, आधी दोन आठवडे उशाशी वही ठेवा. जाग आली की कूस न बदलता आठवायचं, मग लिहायचं.

वही भरू लागली की खरा प्रश्न येतो: असं स्वप्न आणण्याच्या दोन पद्धतींपैकी कुठली, माइल्ड की वाइल्ड?

माइल्ड ही स्वप्नसंशोधक स्टीफन लाबर्ज यांची पद्धत. स्टॅनफर्डमध्ये त्यांनी १९८० साली याच विषयावर डॉक्टरेट केली. पाचेक तास झोपून उठायचं, नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यात आपण ‘हे स्वप्न आहे’ असं ओळखतोय अशी कल्पना करायची आणि ‘पुढच्या स्वप्नात मला हे लक्षात येईल’ हा संकल्प मनात घोळवत झोपायचं. वाइल्डमध्ये झोपायचं शरीराने, मनाने नाही. डोळ्यांपुढे तरळणारी चित्रं बघत जागेपणीच स्वप्नात शिरायचं. जमलं तर थाट काही औरच, पहिल्या क्षणापासून सगळं लख्ख.

पण दीर्घ खंडानंतर? मी वाइल्ड सहा वेळा करून पाहिलं. चारदा सरळ झोपून गेलो, एकदा पहाटेपर्यंत टक्क जागा. सहाव्यांदा अंग लाकडासारखं जड, छातीवर कुणी बसल्यासारखं. स्वप्नांच्या झोपेत स्नायू आपोआप सैल पडतात, ते तसे असतानाच मन जागं असलं तर असं होतं. धोका नाही, हे मला माहीत होतं, तरी घाम फुटला. ध्यानाची किंवा योगनिद्रेची रोजची सवय असेल तर वाइल्ड बघा, नाहीतर इतक्यात नको.

माइल्डच्या बाजूने आकडेही आहेत. अ‍ॅडलेडमधल्या २०१७ च्या अभ्यासात पहाटे उठून माइल्ड केल्यावर ज्यांना पाच मिनिटांच्या आत पुन्हा झोप लागली, त्यांचे सुमारे ४६ टक्के प्रयत्न सफल झाले. म्हणजे पडल्या पडल्या झोपणाऱ्या माणसाचं इथे फावतं! आमच्यासारख्या, दमून आलेल्या संसारी लोकांना ही बातमी चांगलीच.

अडचण दुसरीकडे आहे. स्वप्नांची झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते. आपण इंदूरचे. पाहुणे आले की रात्री अकराला सराफ्याचा खाऊबाजार, भुट्ट्याचा कीस, वर रबडी, घरी येऊन पडायला एक. सहाला मुलीच्या शाळेसाठी उठलं की नेमका स्वप्नांचा मलिदाच कापला जातो. तेव्हा शनिवारची रात्र राखून ठेवा, रविवारी पोहे-जिलेबीला नऊला गेलात तरी चालतं.

आपण स्वप्नात तर नाही ना, हे बघायला दिवसा बोटं मोजण्याची जुनी तपासणी मी सोडली. इतकी यांत्रिक झाली होती की स्वप्नातही पाच मोजून पुढे निघायचो. त्यापेक्षा पाटी दोनदा वाचणं बरं, स्वप्नातली अक्षरं दुसऱ्या वाचनात बहुधा बदलतात. गॅलँटामाइनच्या गोळ्यांबद्दलही ऐकाल. परिणाम दिसला आहे, पण ते अल्झायमरचं औषध आहे, हौसेपोटी घेऊ नका. आणि झोपच धड लागत नसेल तर पहाटे उठण्याचा हा उद्योग सध्या नकोच.

मला पाचव्या रविवारी जमलं. राजवाड्यासमोर साड्यांच्या दुकानाची पाटी वाचली, पुन्हा वाचली तर तिथे माझ्या शाळेचं नाव! इतका हरखलो की लगेच जाग आली. वहीत दीड ओळ.