भारताची मॅच: फ्री डिश की केबल?

फक्त भारताच्या मॅचसाठी दरमहा केबलचे पैसे भरत असाल, तर थांबा. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी चॅनेलला प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, द्यावंच लागतं. भारताच्या पुरुष संघाचे वनडे, टी-20 आणि वर्ल्ड कपच्या सेमीफायनल-फायनल त्यात येतात. दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेवर, म्हणजे फ्री डिशवर, ते बघता येतात. छत्री आणि सेट-टॉप बॉक्सचा खर्च एकदाच, पुढे महिन्याचं बिल नाही.

मग केबलवरच्या दूरदर्शनवर ऐन मॅचच्या वेळी भलताच कार्यक्रम का लागतो? सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये निकाल दिला की हे सिग्नल दूरदर्शनचं स्वतःचं जाळं आणि फ्री डिशपुरतेच. केबलवाल्याला ते पुढे देता येत नाहीत. पैसे भरणाऱ्यालाच दूरदर्शनवर मॅच दिसत नाही, हे मला आजही खटकतं.

केबलची बाजूही भक्कम आहे. आयपीएल या कायद्याच्या यादीत नाही, सगळ्या टेस्टही नाहीत. शिवाय कोकणात मुसळधार पावसात घरची छोटी छत्री सिग्नल सोडते. वर्षभर सगळंच बघणाऱ्याने केबल घ्यावी. गावाकडे आईवडिलांसाठी मात्र मी फ्री डिशच बसवेन.